चाळीस सेकंदात संपलेलं चॉकलेट आणि 'सायन्सने सिद्ध' झालेली थिअरी

वाचकाचं पत्र, थोडक्यात: माझा धाकटा साडेचार वर्षांचा आहे, थोरला आठचा. मध्यंतरी एका व्हिडिओत बघितलं की लहान मुलासमोर एक चॉकलेट ठेवायचं, 'मी परत येईपर्यंत खाल्लं नाहीस तर दोन मिळतील' असं सांगून बाहेर जायचं, आणि जी मुलं थांबतात ती पुढे आयुष्यात यशस्वी होतात, हे म्हणे सायन्सने सिद्ध झालंय. मी घरी करून बघितलं. धाकट्याने चाळीस सेकंदात चॉकलेट संपवलं. (थोरला दारात उभा राहून हसत होता, तसंही टेबलावर खायचं काही ठेवलं की याच्या आधी त्याच्याच पोटात जातं.) तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. मैत्रिणीने मुलांसाठी एक विलपॉवर ट्रेनिंगचा क्लास सुचवलाय, त्याच्या जाहिरातीत लिहिलंय 'इच्छाशक्ती हा स्नायू आहे, वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध'. मिस्टर म्हणतात ती चॉकलेटची टेस्ट कधीच खोटी ठरलीय, सायकॉलॉजीतलं निम्म्याहून जास्त संशोधन बोगस निघालंय, तू कशाला नादी लागतेस. मग खरं काय? क्लास लावू, की पालकत्वाची सगळी पुस्तकं रद्दीत घालू?

उत्तर:

पहिलं म्हणजे, पोराने चॉकलेट खाल्लं यात काहीही बिघडलेलं नाही, तेवढं आधी डोक्यातून काढून टाका, मग बाकीचं निवांत बोलू. कारण तुमच्या पत्रात खरं तर तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक गुंतलेत आणि तिन्हींच्या मुळाशी एकच शब्द आहे, तो म्हणजे 'सिद्ध'. व्हिडिओवाला म्हणतो सिद्ध झालंय, क्लासवाले म्हणतात सिद्ध झालंय, तुमचे मिस्टर म्हणतात खोटं सिद्ध झालंय. गंमत अशी की सायकॉलॉजीत काम करणारी माणसं हा शब्द सहसा वापरतच नाहीत. ते म्हणतात पुरावा या थिअरीच्या बाजूने आहे, किंवा विरोधात आहे, किंवा तेवढा भक्कम नाही. ऐकायला हे गुळमुळीत वाटतं, मला पण सुरुवातीला वाटायचं, पण तुमच्या चॉकलेटच्याच टेस्टचा इतिहास बघितला की कळतं असं का बोलतात ते.

तर ही टेस्ट वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाची, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नर्सरी स्कूलमध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेली. आणि बहुतेक व्हिडिओवाले जी गोष्ट गाळतात ती ही की मिशेलना मुळात कुठलं मूल हुशार आणि कुठलं उतावळं हे शोधायचंच नव्हतं. त्यांचा प्रश्न होता की मूल थांबतं ते कशामुळे, म्हणजे कुठल्या परिस्थितीत थांबणं सोपं जातं. १९७० साली त्यांनी आणि एबेसन यांनी छापलेल्या प्रयोगात ३२ मुलं होती. काही मुलांच्या समोर खाऊ उघडा ठेवला, काहींच्या नजरेआड ठेवला. खाऊ समोर दिसत होता तिथे मुलं सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली, आणि काहीच दिसत नव्हतं तिथे अकरा मिनिटांच्या वर. म्हणजे त्याच वयाची तशीच मुलं, फरक फक्त समोर काय दिसतंय एवढाच. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निष्कर्ष हाच आहे आणि नेमका तोच कोणी सांगत नाही, कारण 'खाऊ झाकून ठेवा' याच्यावर व्हायरल व्हिडिओ होत नाही.

'थांबणारी मुलं यशस्वी होतात' ही भानगड नंतरची. त्या नर्सरीत झालेल्या अशा बऱ्याच प्रयोगांतल्या मुलांचा पुढे माग काढला गेला आणि १९९० मध्ये शोडा, मिशेल आणि पीक यांनी दाखवलं की चार-पाच वर्षांचे असताना जास्त वेळ थांबलेल्यांना पुढे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत जास्त मार्क होते. संबंध चांगला ठळक होता. पण किती मुलांवर? सुरुवातीला सहाशेच्या वर मुलं होती, त्यातल्या ज्यांचे परीक्षेचे मार्क मिळाले आणि ज्यांनी टेस्टचा नेमका तो प्रकार दिला होता, खाऊ समोर आणि युक्ती कोणी शिकवलेली नाही, अशी उरली ३५. पस्तीस! आणि तीही सगळी एकाच विद्यापीठाच्या आवारातल्या नर्सरीतली, म्हणजे बरीचशी प्राध्यापकांची नाहीतर तिथल्या विद्यार्थ्यांची मुलं. लेखकांनी स्वतः पेपरमध्ये लिहून ठेवलंय की सॅम्पल लहान आहे, संबंध फुगून दिसत असू शकतो. ती ओळ पुढे कोणी वाचली नाही.

मग २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेच्या वर मुलांचा डेटा घेतला, वेगवेगळ्या घरांतली, ज्यांच्या आया फारशा शिकलेल्या नाहीत अशीही भरपूर. संबंध सापडला, पण आधीच्या साधारण निम्मा. आणि मग त्यांनी घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, मुलाची लहानपणची आकलनशक्ती हे सगळं हिशोबात धरलं तेव्हा उरलेल्यातला पण दोन तृतीयांश गळून पडला. म्हणजे काय, तर थांबण्याने मार्क येतात असं कमी आणि ज्या घरात मुलं थांबायला शिकतात त्याच घरात अभ्यासालाही हातभार लागतो असं जास्त. आता तुम्हीच सांगा, याला टेस्ट 'खोटी ठरली' म्हणायचं का? मिस्टर थोडे बरोबर आहेत आणि थोडे घाईत आहेत. संबंध शून्य निघाला नाही, लहान निघाला, आणि त्याचं कारण जे वाटत होतं ते बहुधा नाही. (त्याच डेटामध्ये खरा फरक मुख्यतः वीस सेकंदही न थांबलेल्या आणि त्याहून जास्त थांबलेल्या मुलांमध्ये दिसला. तुमचा चाळीस थांबला. पण यावर लगेच खूश होऊ नका, का ते सांगते.)

कारण तुमच्या प्रश्नामागचं पहिलं गृहीतक हे आहे की शंभर मुलांच्या सरासरीवरून जे कळतं ते तुमच्या एका मुलाला लावता येतं. तसं नसतं. उंच आईबापांची मुलं सरासरीने उंच असतात, हे पक्कं आहे, तरी एखाद्या उंच जोडप्याचा मुलगा बुटका निघतोच की, आणि त्याने अनुवंशाची थिअरी पडत नाही. सायकॉलॉजीतले संबंध तर याहून खूप विरळ असतात. एका दुपारी एका मुलाने एकदा काय केलं, यातून थिअरी खरी ठरत नाही, खोटी ठरत नाही, आणि मुलाचं भविष्य तर अजिबात कळत नाही. ना चाळीस सेकंदांनी, ना चाळीस मिनिटांनी.

आणि दुसरं गृहीतक जास्त मजेशीर आहे, ते म्हणजे त्या चाळीस सेकंदांत तुम्ही 'संयम' मोजला. नक्की? तुम्ही मोजलं ते फक्त मुलाने चॉकलेट कधी खाल्लं. त्याच्यामागे संयम नाही ही झाली तुमची थिअरी, आणि एकाच वागण्याच्या मागे दोन-तीन थिअरी सहज बसतात. इथे खरी कसोटी असते की असा प्रसंग तयार करायचा जिथे दोन थिअरी वेगवेगळं भाकीत करतील आणि मग बघायचं कोणाचं खरं निघतं. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. २८ मुलं घेतली, तीन ते पाच वर्षांची. आधी प्रत्येकाला चित्रं काढायला बसवलं, जुने घासलेले खडू दिले आणि प्रयोग घेणाऱ्या ताईने सांगितलं, थांबलास तर मी मस्त नवीन रंग घेऊन येते. निम्म्या मुलांकडे ताई खरंच रंगांचा ट्रे घेऊन आली. उरलेल्या निम्म्यांकडे हात हलवत परत आली, सॉरी रे, नाहीयेत, हेच वापर. मग स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तेच. आणि त्यानंतर मार्शमॅलोची टेस्ट, म्हणजे तुमचीच टेस्ट, फक्त चॉकलेटच्या जागी मार्शमॅलो नावाची मऊ गोड मिठाई. ज्यांना ताईने शब्द पाळलेला दिसला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांना दोनदा फसवलं गेलं होतं ती तीन मिनिटं. पहिल्या गटातली १४ पैकी ९ मुलं पूर्ण पंधरा मिनिटं थांबली, दुसऱ्यातलं फक्त १.

आता थांबणं म्हणजे निव्वळ मुलाच्या आतला संयम असता तर ताईने रंग आणले की नाही याने एवढा फरक पडायला नको होता. पडला. म्हणजे मूल हिशोब पण करत असतं, की या माणसाच्या शब्दाचा काय भरवसा, आणि दुसरं मिळणारच नसेल तर आहे ते पदरात पाडून घेतलेलं बरं. हा प्रयोग छोटा आहे हे खरं, २८ म्हणजे काही फार नाहीत, मी त्याच्यावर घर बांधणार नाही. पण त्याची रचना बघा किती चोख आहे.

आणि आता तुमच्याच पत्रातला तो कंस परत वाचा. दारात थोरला उभा आहे. टेबलावरचं सगळं आधी त्याच्या पोटात जातं. अशा घरात साडेचार वर्षांचं शहाणं मूल काय करेल? मी असते तर चाळीस सेकंद पण थांबले नसते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये, एका दुपारच्या पुराव्यावर मी पण थिअरी मांडू शकत नाही. एवढंच की तुमच्याकडे जे निरीक्षण आहे ते तुमच्या थिअरीला जेवढं बसतं तेवढंच माझ्या थिअरीला पण बसतं, मग त्याने दोघींपैकी कोणाचीच बाजू भक्कम होत नाही.

यावरून एक जुना किस्सा आठवला. १९१९ मध्ये कार्ल पॉपर, पुढे विज्ञानाचे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेले पण तेव्हा अगदी तरुण, मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांना भेटले आणि एका मुलाची केस सांगितली, जी पॉपरना तरी अ‍ॅडलरच्या थिअरीत बसणारी वाटत नव्हती. अ‍ॅडलरनी मुलाला न बघताच ती न्यूनगंडाच्या थिअरीत फटकन बसवून दाखवली. तुम्हाला एवढी खात्री कशी, असं विचारल्यावर म्हणाले, माझ्या हजार केसेसच्या अनुभवावरून. पॉपर म्हणाले, आणि आता या केसमुळे अनुभव एक हजार एक झाले असतील. टोमणा असा की प्रत्येक केस जर थिअरीत बसवताच येत असेल तर हजार केसेसनी थिअरी हजार पटीने मजबूत झाली नाही, ती एकदाही पणाला लागलीच नाही. ती पडण्याची शक्यता होती, तिने आधीच सांगून ठेवलं होतं की असं असं झालं तर मी चूक, आणि तरी ती पडली नाही, तर तो पुरावा. बाकी सगळं म्हणजे घडून गेल्यावर 'बघ, मी म्हटलं नव्हतं' म्हणणं.

आता तुमच्या क्लासकडे वळू, कारण तो 'स्नायू' मला चांगलाच ओळखीचा आहे. १९९८ मध्ये रॉय बाउमाइस्टर यांच्या गटाने भुकेल्या विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवलं जिथे ताज्या भाजलेल्या चॉकलेट बिस्किटांचा वास दरवळत होता. काहींना बिस्किटं खाऊ दिली, काहींना सांगितलं तुम्ही फक्त मुळा खायचा. मग सगळ्यांना एक न सुटणारं कोडं दिलं. मुळेवाले आठेक मिनिटांत कंटाळून उठले, बिस्किटवाले एकोणीसेक मिनिटं झटत राहिले. निष्कर्ष, इच्छाशक्ती वापरली की स्नायूसारखी थकते. कल्पना इतकी पटण्यासारखी की पुढे शेकडो प्रयोग झाले, २०१० मध्ये मार्टिन हॅगर आणि सहकाऱ्यांनी १९८ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा परिणाम दणदणीत दिसला. एवढ्यावर कोणीही म्हटलं असतं, झालं, सिद्ध. मग २०१६ मध्ये त्याच हॅगरनी २३ लॅब एकत्र आणल्या, दोन हजारांच्या वर लोक, पद्धत आधीच सगळ्यांसमोर ठरवून ठेवलेली, नंतर कोणाला काही बदलायची सोय नाही. परिणाम शून्याच्या आसपास.

१९८ चाचण्या होत्या तरी असं कसं? याचं उत्तर मी माझ्याच लाजिरवाण्या अनुभवातून देते. मी एमए करताना डिझर्टेशनसाठी चाळीस विद्यार्थ्यांचा डेटा गोळा केला, रिझल्ट आला नाही, म्हणजे हा निव्वळ योगायोग नाही असं म्हणण्याइतका फरक दिसला नाही, थोडक्यात हुकला. गाइड अगदी प्रेमाने म्हणाले, अजून दहा घेऊन बघ. घेतले, आला. आम्ही पेढे मिळाल्यासारखे खूश. कोणी खोटेपणा केला असं आम्हाला तेव्हा वाटलंच नाही. पण विचार करा, नाणं उडवत राहायचं आणि आपण पुढे असलो की तिथेच खेळ थांबवायचा, मग कोण हरेल? पन्नासनंतर पण आला नसता तर मी साठ घेतले असते, आणि तरी नसता आला तर तो डेटा कपाटात गेला असता, कुठे छापून आला नसता. असे हजारो विद्यार्थी, हजारो कपाटं. बाहेर दिसतात ती फक्त 'आलेली' संशोधनं. १९८ चा आकडा मोठा होता, पण कपाटात किती होते ते कोणाला दिसत नव्हतं.

मिस्टरांचा 'निम्म्याहून जास्त बोगस' हा आकडा बहुधा इथूनच आलाय. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने सायकॉलॉजीच्या नावाजलेल्या जर्नलमधली १०० संशोधनं पुन्हा करून बघितली. मूळ पेपरांत ९७ टक्के यशस्वी होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्के. वाईट आकडा आहे, मी झाकत नाही. पण बोगस हा शब्द चुकीचा. पुन्हा न जमलेल्यातली काही मुळात योगायोग होती, काहींचा परिणाम खरा पण इतका बारीक की दुसऱ्या वेळी निसटला, काहींत परिस्थिती बदलली. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की ही सगळी झाडाझडती घेतली कोणी? सायकॉलॉजीवाल्यांनीच. क्लासवाल्यांनी स्वतःच्या क्लासची अशी तपासणी केल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

आणि जे टिकलं ते चांगलंच टिकलंय. दोन मुलांची आई म्हणून तुमच्या थेट उपयोगाचं एक सांगते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, एका गटाने पुन्हा वाचलं, दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर उलटं, ४२ विरुद्ध ५६. इथे 'आठवून काढलं की जास्त काळ लक्षात राहतं' या थिअरीने अवघड भाकीत केलं होतं, सुरुवातीला हरणारी पद्धत नंतर जिंकेल असं, आणि तसंच झालं. पुढे शाळांत, कॉलेजांत, वेगवेगळ्या वयाच्या मुलांवर, वेगवेगळ्या विषयांत ते पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. अशा ठिकाणी मी बिनधास्त भरवसा ठेवते. थोरल्याला धडा तिसऱ्यांदा वाचायला लावण्यापेक्षा पुस्तक मिटून 'सांग बरं काय होतं' विचारा, क्लासपेक्षा जास्त उपयोग होईल आणि फी पण नाही.

तर पुस्तकं रद्दीत घालू नका, पण पुस्तकात, व्हिडिओत किंवा जाहिरातीत 'सिद्ध' दिसलं की थोडं खोदून विचारा. किती लोकांवर केलं आणि ते कोण होते. तुलना कोणाशी केली, हा तर क्लासच्या बाबतीत हुकमी प्रश्न आहे, कारण ते म्हणतील की सहा महिन्यांत आमच्याकडच्या मुलांचा संयम वाढला, अहो पण साडेचार वर्षांचं मूल सहा महिन्यांत पाच वर्षांचं होतं, संयम क्लास न लावता पण वाढतो. क्लास न लावलेल्या तशाच मुलांचं काय झालं ते सांगा म्हणावं, आणि कुणाला क्लासमध्ये घालायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं का ते पण. दुसऱ्या कोणी, ज्याचा क्लासशी संबंध नाही अशाने, करून बघितलंय का. आणि खेळात संयम वाढला तो घरी जेवताना, भांडताना, झोपताना दिसतो का, का फक्त क्लासच्याच खेळात. यातल्या एकाही प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही तर क्लास वाईट असं नाही, मुलं खेळतील, मजा करतील, ते पण चांगलंच. फक्त 'वैज्ञानिक' म्हणून लावू नका, मजा म्हणून परवडत असेल तर लावा. माझं स्वतःचं मत विचाराल तर मी नाही लावणार.

घरी काय करायचं, तर टेस्ट पुन्हा घेऊ नका, एक तर आता त्याला ती माहीत झालीय आणि दुसरं म्हणजे पोर टेन्शनमध्ये येईल. जे मोहात पाडतं ते समोर ठेवू नका, थांबायला सांगितलं की हातात दुसरं काहीतरी द्या, आणि 'पाच मिनिटात येते' म्हटलं तर पाच मिनिटात या. थोरल्याच्या तावडीतून धाकट्याचा वाटा सुरक्षित राहील असा एखादा डबा केलात तर उत्तम. यातून तो मोठेपणी यशस्वी होईल असं कुठलंही वचन मी देत नाहीये, फक्त तुमची संध्याकाळ जरा शांत जाईल.

आणि क्लासच्या डेमोला जाणार असाल तर मिस्टरांना बरोबर घेऊन जा. शंका काढणारा माणूस घरातच आहे, त्याचा तिथे चांगला उपयोग होईल. फक्त परत येताना त्यांनाही एकदा विचारा, की काय दिसलं तर तुम्ही मान्य कराल की सायकॉलॉजीत काही तथ्य आहे. काय उत्तर देतात ते मला जरूर कळवा.